मशिदीपाशी जुळलेली रेघ

६ मे, मंगळवार

जे घडलं ते क्रमाने. उद्या साहेब अहवाल मागतील, तेव्हा यातूनच उतरवीन.

१. सिद्राब गावाच्या वर नव्या रस्त्याच्या कडेने पावसाच्या पाण्यासाठी चर खणणं चालू होतं.
२. गावाचा फलज, म्हणजे डोंगरातून पाणी आणणारा जुना बोगदा, या चराच्या खालून जातो. तो जिथे जातो तिथे दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटर फक्त हाताने खणायचं, असं आराखड्यात आहे. तेवढ्या पट्ट्यावर चुन्याची खूण होती.
३. पोकलेन त्या खुणेच्या बाहेर काम करत होता.
४. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पोकलेनचा दात फलजाच्या छतातून खाली गेला. तीन मीटर छत आणि वरची माती बोगद्यात बसली.
५. बोगदा चुन्याच्या पट्ट्याच्या मध्यापासून नऊ मीटर पूर्वेला निघाला.
६. दहाच्या सुमारास गावातल्या मशिदीसमोरच्या कुंडात पडणारी धार थांबली. दुपारी दोनला सुरू झाली, पण नेहमीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी.
७. कोणालाही इजा नाही.
८. फलजाची रेघ रस्ते विभागाला आमच्या नकाशा कार्यालयाने दिली होती.

आठवा मुद्दा अहवालात घालायचा की नाही, ते अजून ठरवलेलं नाही. रेघ मीच पाठवली होती. फाईल ठीक होती. मी स्वतः तपासली होती.

७ मे, बुधवार

अहवाल दिला. सात मुद्दे.

हिलालसाहेबांनी तो उभ्याउभ्याच वाचला. ते इथले प्रमुख. निवृत्तीला चौदा महिने उरलेत आणि दर रविवारी ते आकडा जाहीर करतात.

"छान. आपलं नाव कुठेच नाही. अहवाल असा असावा, पोरी."

"रेघ आपण दिली होती, साहेब."

"दिली. मग? मी तुला सुरी दिली आणि तू बोट कापून घेतलंस, तर त्यात माझं काय गेलं?"

ते म्हणतात ते तर्काला धरून आहे. फाईल आम्ही दिली, वापरली त्यांनी.

अकरा वाजून वीस मिनिटांनी रस्ते विभागाच्या खल्फानचा फोन. सिद्राबचा रस्ता त्याच्याकडे आहे.

"इंजिनियर बाई, फलजाची मूळ फाईल आहे का हो तुमच्याकडे?"

"तुम्हाला पाठवली तीच आहे."

"ती नाही. तिच्या आधीची. जुन्या संग्रहातून आली तशी."

"तुमच्या चुन्याच्या खुणा कोणी मारल्या ते आधी बघा, खल्फान."

"तेही बघतो." आणि हसला. हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

दुपारी मस्कतहून आलेली प्रश्नावली सगळ्यांना वाटली. नकाशांची माहिती एकमेकांना देण्याबद्दल नकाशावाल्यांना कितपत जाण आहे, ते त्यांना मोजायचं आहे. दहा प्रश्न. चौथा असा: दुसऱ्या कार्यालयाला नकाशा देताना तो मूळ कुठला, कोणत्या पद्धतीने मोजला आणि त्यात काय बदल केले, हे लिहून देता का? नेहमी, बहुधा, कधीकधी, नाही.

हिलालसाहेब दारातून म्हणाले, "सगळ्यांनी 'नेहमी' करा रे. आपल्या विभागाचा आकडा गोरागोमटा दिसला पाहिजे."

माझ्या शेजारच्या मौझाने विचारलं, "आणि साहेब, खरं लिहायचं असेल तर?"

"खरं लिहायला पुढच्या वर्षी वेगळा कागद येईल."

मी 'नेहमी' वर खूण केली. साहेबांनी सांगितलं म्हणून नव्हे. मी खरोखर लिहिते.

आज पाणी प्यायला सहा वेळा उठले. तहान नव्हती.

८ मे, गुरुवार

खल्फानकडून लेखी खुलासा मागवला आहे. उत्तर देईपर्यंत त्याला सिद्राबच्या कामावरून बाजूला केलंय. मौझाने सांगितलं.

त्याचा पुन्हा फोन आला. तोच प्रश्न, मूळ फाईल. शोधते म्हणाले. शोधली नाही. त्याला स्वतःची चूक माझ्या टेबलावर ठेवायची आहे, एवढं न कळण्याइतकी मी नवखी नाही.

बदली म्हणून आलेल्या माणसाने कळवलंय की काम थांबणार नाही. सोमवारी १९ तारखेला वर वाडीतल्या, म्हणजे कोरड्या नदीपात्रातल्या, पुलाच्या पहिल्या खांबासाठी भोक पाडायला सुरुवात. आराखड्याप्रमाणे फलज खांबापासून सव्वीस मीटर पश्चिमेला आहे. म्हणजे धोका नाही.

१० मे, शनिवार

आई माहेरी निघाली होती, तिला गाडीने सोडायला सिद्राबला गेले. तिचं माहेर असलं तरी मी गेले ते जागा पाहायला. जीपीएस आणि फीत बरोबर घेतली.

गावातली माणसं बोगद्यात उतरून मातीच्या टोपल्या वर देत होती. एक टोपली वर यायला सरासरी चाळीस सेकंद. सावलीत कहवा आणि खजूर मांडले होते, पण कोणी बसत नव्हतं. मेमध्ये झाडांवरचा खजूर हिरवा असतो, आता पाणी तुटलं तर घडच्या घड गळतात. आईने मला हे तीनदा सांगितलं. मला ठाऊक होतं.

फलजाचे कारभारी सुलय्यममामा. कोणाच्या बागेला किती वेळ पाणी, ते सगळं त्यांच्या वहीत. वय सत्तरच्या पुढे. आईशी लांबलचक ख्यालीखुशाली झाली, मग माझ्याकडे वळले.

"ही तुझी नकाशावाली?"

"हीच."

"बघ गं पोरी, तुझ्या लोकांनी काय केलंय."

"रस्ते विभागाने केलं, मामा. मी नकाशा कार्यालयात."

"आम्हाला तुम्ही सगळे सरकारी शर्यतीचे उंट. पाठीवर कोणाचा नंबर आहे ते बघायला आम्ही जात नाही."

आई हसली. मी वही मागितली. फलजाच्या वरच्या अंगाला हवा-उजेडाची जी तोंडं होती, ती पुरात वाळू-गोट्यांनी बुजली आहेत. जमिनीवर काही दिसत नाही. वहीत त्यांची अंतरं असणार.

"वही कोणाला दाखवत नाही."

"सरकारी कामासाठी हवी आहे."

"सरकारी कामासाठीच माझ्या बापाने दिली होती. मी तेव्हा पोरगा होतो. एक पाहणीवाला परदेशी आला, तिपाई घेऊन, डोक्याला ओला रुमाल बांधून. दहा दिवस आमचं जेवला. वही नेली, म्हणाला नकाशा करून आणतो. वही आली नाही आणि नकाशाही आम्हाला कोणी दाखवला नाही. ही मी नंतर आठवून आठवून लिहिलेली आहे. अंतरं आता इथे." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "काय विचारायचं ते विचार."

मी म्हटलं, वर वाडीत चला. माझ्या गाडीत बसायला ते तयार नव्हते. आई पुढे बसली तेव्हा बसले.

पुलाच्या जागी लाल रंगाची खुंटी ठोकलेली आहे. शेजारी फळी: 'फलज → २६ मी.'. बाण पश्चिमेकडे.

मामांनी फळी वाचली, खुंटीकडे पाहिलं.

"इथे भोक पाडणार?"

"हो. फलज तिकडे आहे. सव्वीस मीटर."

"असं फळी म्हणते?"

"आराखडा म्हणतो."

"मग फळीलाच विचार पाणी कुठे आहे ते."

खुंटीच्या पश्चिमेला एक जुनं समर, म्हणजे बाभळीच्या जातीचं झाड आहे, पुरात आडवं झालेलं पण जिवंत. मामा त्याच्या बुंध्याशी उभे राहिले. म्हणाले, इथून उगवतीला अकरा हात-पसर. त्यांचं माप म्हणजे दोन्ही हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत. मी त्यांना हात पसरून उभं केलं आणि फीत लावली. एक मीटर एकाहत्तर.

"शिंप्याकडे गेल्यासारखं वाटतंय," मामा म्हणाले.

"हात वाकवू नका."

"चौकशीला आल्यासारखंही वाटतंय."

अकरा गुणिले एक पूर्णांक एकाहत्तर: अठरा मीटर एक्याऐंशी. बुंध्यापासून खुंटीपर्यंत फितीने: एकोणीस मीटर तीस.

म्हणजे मामांच्या मते फलज खुंटीपासून अर्ध्या मीटरवर आहे.

मी विचारलं, तुमच्या बापाचे हात किती लांब होते? मोजलं तेव्हा पसरलेले हात त्यांचे. मामा म्हणाले, "त्याची कंदोरी मला बसते." कंदोरी म्हणजे अंगातला लांब झगा. हा पुरावा नाही.

पुढे एक किलोमीटरवर आईविहीर आहे, पाणी मुळात तिथून निघतं. खुंटी आणि आईविहीर यांच्यामध्ये पाण्याला दुसरी वाट नाही, असं मामा म्हणाले. खाली छत पडलं तर माती उपसता येते. इथे भोकात सिमेंट ओतलं की संपलं. "मग तुझ्या आईचं माहेर फक्त नकाशावर राहील. तो तरी दाखवशील ना आम्हाला?"

वाडीतून गावात परतताना आई म्हणाली, "तू लहानपणी मशिदीच्या पुढे कधी गेलीच नाहीस. कुंडात पाय सोडून बसायचीस. वर चल म्हटलं की रडायचीस."

हे तिने का सांगितलं, माहीत नाही.

मोजमापाचं साधन म्हणून म्हाताऱ्या माणसाचे हात मी धरत नाही. फक्त नोंद ठेवते.

११ मे, रविवार

कामात लक्ष लागत नाही. जिन्यावरून चार वेळा खालीवर. मौझा म्हणाली, "पायाला चाकं लावून देऊ?"

मशिदीपासून चराची जागा: एक किलोमीटर चारशे. फरक नऊ मीटर.
मशिदीपासून खुंटीची जागा: चार किलोमीटर पन्नास मीटर. फरक सव्वीस, मामांचा अर्धा मीटर सोडून.

पहिला भागाकार: किलोमीटरला सहा पूर्णांक त्रेचाळीस. दुसरा: सहा पूर्णांक बेचाळीस.

योगायोग असू शकतो.

मशिदीपाशी फरक शून्य.

चुना मारणारा माणूस दोन जागी इतक्या प्रमाणात चुकत नाही. खल्फानही नाही.

१२ मे, सोमवार

संग्रहातली मूळ फाईल सकाळी आठला उघडली. शोधायला दोन मिनिटं लागली. गुरुवारीही दोनच लागली असती.

तिच्यात जागेची कसलीच नोंद नाही. कोणत्या पद्धतीची मोजणी, उत्तर दिशा कोणती धरली, काही नाही. उघडली तर सिद्राबचा फलज सुहार शहराच्या समोर समुद्रात पडतो.

मग ही दैनंदिनी मागे चाळली. फेब्रुवारीत लिहिलेलं जसंच्या तसं:

"११ फेब्रुवारी. सिद्राबच्या फलजाची जुनी रेघ समुद्रात पडत होती. उचलून गावावर आणली. मशिदीसमोरच्या कुंडाचा कोपरा तंतोतंत जुळवला. अकरा मिनिटं लागली. चारही विभागांना पाठवली. उद्या दात दाखवायला जायचं."

फाईलमध्ये 'शेरा' नावाचा रकाना असतो. तो पाहिला. कोरा.

जुन्या पाहणीवाल्याने धरलेली उत्तर दिशा आजच्या नकाशाच्या उत्तरेपेक्षा जरा कलती होती. अंशाच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त. त्या काळात होकायंत्रावर कागद मांडत, तसं असेल. मी रेघ सरकवली होती. वळवली नव्हती. कुंडाशी जुळली म्हणून थांबले. कुंड मला माहीत होतं.

एका जागी जुळलं म्हणजे जुळलं नव्हे, दुसरी जागा तपासायची, हे आम्हाला दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. ती परीक्षा मी पहिल्या क्रमांकाने पास झाले होते. हे इथे लिहायचं कारण नाही. तरी लिहिलं.

१३ मे, मंगळवार

हिलालसाहेबांना सगळं सांगितलं. चार वाक्यांत. त्यांनी दार लावून घेतलं.

"आणखी कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"मग तोंडी सांग. रस्तेवाल्यांना फोन कर, म्हण खांब जरा सरकवा, माती भुसभुशीत आहे. कागद करू नकोस. कागद झाला की तो मस्कतला जातो, मस्कतहून परत येतो, आणि येताना एकटा येत नाही."

"साहेब, ती फाईल चार विभागांकडे आहे."

"जूनमध्ये तुझी कायम नेमणूक आहे, ती कोणाकडे आहे? माझ्याकडे. मला सही करायची आहे गं. सही करू दे."

ते वाईट बोलले नाहीत. मला हलवा दिला. मी खाल्लाही.

मग तोंडी करून पाहिलं.

रस्ते विभागातला नवा माणूस: "तोंडी ऐकून खांब हलवायचा? बाई, खांब म्हणजे खुर्ची आहे का?"

वीज विभाग: "ती आम्ही ठेकेदाराला दिली. त्याने खालच्या ठेकेदाराला दिली असेल. त्याच्याकडून कोणाला, अल्ला जाणे."

दूरध्वनी विभाग: "कुठली हवी? 'सिद्राब अंतिम' की 'सिद्राब अंतिम सुधारित'?"

"सुधारित कोणी केली?"

"तुमच्याकडूनच आली असणार."

"नाही आली."

"मग आमच्याकडेच झाली असेल. छान आहे ती, निळ्या रंगात."

नगरपालिका: फोन उचलला नाही.

शेवटी खल्फान. मी नाव सांगायच्या आत तो म्हणाला, "सापडली?"

"सापडली."

"हं."

"खुलाशात तुम्ही काय लिहिलंत?"

"अजून दिलेला नाही. मुदत रविवारपर्यंत आहे. मला घाई नाही."

"तुम्हाला कामावरून काढलंय आणि घाई नाही?"

"घरी आहे, बाई. बायको म्हणते बऱ्याच वर्षांनी दुपारी दिसलात. बोला, काय सापडलं?"

मी सांगितलं. तो शेवटी म्हणाला, "लिहून द्याल?"

फोन ठेवल्यावर लक्षात आलं. फाईल त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. शेवटचा बदल कधी आणि कोणी केला, ते फाईल आपोआप ठेवते. ११ फेब्रुवारी, माझं नाव. खल्फानसारखा माणूस ते बघितल्याशिवाय राहणार नाही. मग तो मला दोनदा का विचारत राहिला, सरळ खुलाशात का लिहून टाकलं नाही, ते समजत नाही. विचारायचं राहिलं.

प्रश्नावली मस्कतला गेली का, ते मौझाला विचारलं. अजून टपालाच्या ट्रेमध्ये आहे. माझा कागद काढून घेतला. चौथ्या प्रश्नाची खूण खोडून 'कधीकधी' केली. मग तीही खोडली.

१४ मे, बुधवार

पत्र सकाळी साडेआठला पाठवलं. हिलालसाहेबांच्या टेबलावर प्रत ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, म्हणाले, "चौदा महिने मला शांतपणे काढू देणार नव्हतीस तर." सहीचं काय, ते मी विचारलं नाही.

नव्या रेघेचा नकाशा छापून काल संध्याकाळीच सिद्राबला नेला होता; पत्राची प्रत आज नेऊन दिली. काल सुलय्यममामांनी नकाशा जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि बुजलेल्या तोंडांची नावं आणि अंतरं एकेक करून सांगत गेले. मी लिहून घेतली. एकोणतीस. मामांनी जागेवर नेऊन दाखवलेल्या सातच जागा जीपीएसने तपासता आल्या. सर्वात मोठा फरक साठ सेंटीमीटर.

माझ्या दप्तरासाठी पत्राची नक्कल:

प्रति: रस्ते विभाग, वीज विभाग, दूरध्वनी विभाग, नगरपालिका, तसेच सुलय्यम बिन नासिर, कारभारी, सिद्राब फलज
विषय: सिद्राब फलजाची ११ फेब्रुवारीची फाईल चुकीची असल्याबाबत

११ फेब्रुवारी रोजी मी आपणास सिद्राब फलजाची रेघ पाठवली. मूळ रेघेवर मोजणीच्या पद्धतीची नोंद नव्हती. मी ती हाताने सरकवून मशिदीसमोरच्या कुंडाशी जुळवली. दुसऱ्या कोणत्याही जागी तपासली नाही. हा बदल फाईलच्या शेऱ्यात लिहिला नाही.

त्यामुळे रेघ मशिदीपाशी बरोबर आहे आणि वर जाताना किलोमीटरला सुमारे साडेसहा मीटर पश्चिमेला सरकत जाते. ६ मे रोजी फलज फुटला तो यामुळे. चुन्याची खूण आराखड्याप्रमाणे बरोबर मारलेली होती. रस्ते विभागाचे अभियंता खल्फान बिन हमद यांचा यात दोष नाही.

पुलाच्या पहिल्या खांबाची खुंटी प्रत्यक्षात फलजाच्या वर आहे. तिथे सोमवार, १९ मे रोजी भोक पाडू नये.

सोबत दुरुस्त फाईल जोडली आहे. तिच्या शेऱ्यात तिचा उगम, केलेले बदल, तपासलेल्या सात जागा आणि न तपासलेल्या बावीस जागा लिहिल्या आहेत. तोंडांची अंतरं श्री. सुलय्यम यांच्याकडून मिळाली, तेही लिहिलं आहे.

आपणाकडील जुनी फाईल, कोणत्याही नावाने वा रंगाने असली तरी, काढून टाकावी. ती पुढे कोणाला दिली असल्यास त्यांची नावं कळवावीत. कोणालाच दिली नसेल तर तसंही कळवावं. उत्तर नसणं हे 'नाही' असं धरता येणार नाही.

कृपया रविवार, १८ मे रोजी दुपारी बारापर्यंत उत्तर द्यावे.

रैया बिन्त मुबारक
नकाशा कार्यालय